क्रमांक तीनचा श्वास

ब्रनो, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेदविका,

तुझ्या पुस्तिकेच्या पृष्ठ एकेचाळीसवर निवडीचा दिनांक २१ मे १९९४ असा छापला आहे. तो चुकीचा आहे. निवड १९ मे रोजी, गुरुवारी झाली. २१ मे रोजी शनिवार होता, आणि शनिवारी त्या सभागृहात लग्ने लागत.

त्याच पृष्ठावर परीक्षक सात होते असे म्हटले आहे. आम्ही पाच होतो. पडदा 'लालभडक मखमलीचा' नव्हता. तो करडा होता, नाट्यगृहातून उसना आणलेला होता आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. पृष्ठ सदतीसवर दोन स्वल्पविराम गळले आहेत. कॅनडात राहून आपल्या भाषेतील स्वल्पविराम विसरावेत, इतक्या लहान वयात काही तू गेली नव्हतीस.

पुस्तिकेखेरीज तुझे पत्रही मिळाले. स्व्रात्का या तुमच्या चार तंतुवादकांच्या चमूने समुद्र ओलांडल्याला यंदा तीस वर्षे पूर्ण होतात, त्यानिमित्ताने तुम्ही चौघे मिळून एक शिष्यवृत्ती सुरू करीत आहात, आपल्या भागातील एका तरुण चमूला दर दोन वर्षांनी समुद्रापलीकडे हॅलिफॅक्सला बोलावणार आहात, हे वाचून आनंद झाला. तुम्हा चौघांना ज्या शिष्यवृत्तीने तिकडे नेले, तशीच ही व्हावी, हा विचार योग्य आहे. तिला माझे नाव देण्याचा विचार मात्र योग्य नाही. तिकडच्या लोकांना 'विमाझल' हे आडनाव उच्चारता येत नाही. शिवाय मी हयात आहे. हयात माणसाचे नाव संस्थेला देणे हे मला अशोभनीय वाटते. चमूला आहे तसे स्व्रात्का नदीचेच नाव द्यावे. नद्या आक्षेप घेत नाहीत.

आता पृष्ठ एकेचाळीसवरील शेवटचा परिच्छेद. तू लिहितेस: 'वर्षभर सर आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तरी पडद्यामागून त्यांनी आम्हाला ओळखलं, सगळा राग बाजूला ठेवला आणि आम्हाला सर्वांत जास्त गुण दिले. त्या गुणांवर आम्ही समुद्र ओलांडला. माणूस किती मोठा असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले.'

या परिच्छेदात व्याकरणाची चूक नाही. तुझ्या लेखनाविषयी हे वाक्य मी प्रथमच लिहीत आहे. तथापि परिच्छेद तसाच ठेवू नये. कारण सवडीने कळवीन.

हे पत्र शेजारच्या श्रीमती ओर्सागोवा त्यांच्या यंत्रावरून पाठवीत आहेत. उत्तर त्याच पत्त्यावर पाठव. त्या कागदावर छापून आणून देतात.

तुझा,
लुद्वीक विमाझल


ब्रनो, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेदविका,

तुझे उत्तर मिळाले. 'सर, तुम्ही जरासुद्धा बदलला नाहीत, नाव तर तुमचंच लागणार, आणि पान एकेचाळीसमध्ये काय खुपलं ते आत्ताच्या आत्ता सांगा. पुस्तिकेची नवी आवृत्ती सहा डिसेंबरला निघणार, त्याच दिवशी शिष्यवृत्तीची घोषणा होणार' असे तू लिहितेस. म्हणजे 'सवडीने' हा शब्द मला परत घ्यावा लागणार.

आज संत मार्टिनचा दिवस. खाली चौकात नवी वाइन उघडली आहे आणि जिन्यात भाजलेल्या बदकाचा वास भरला आहे. सर्वत्र लोक आनंदात असताना हे लिहिणे सोपे नाही. पण दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते सोपे झाले असते, असेही नाही.

खुपले ते हे. मी तुम्हाला ओळखले नव्हते.

तू नाराज होऊ नयेस म्हणून सर्व क्रमाने सांगतो. १९९३च्या मार्चमध्ये तुम्ही चौघांनी माझा वर्ग सोडलात. चौघांच्या सह्यांचे पत्र पाठवलेत. मी त्यात लाल शाईने सात चुका दाखवल्या, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि ते परत पाठवले. पुस्तिकेत तू हे लिहिले नाहीस. हे तुझे औदार्य. पण घडले ते घडले. मग तू एकटी ट्रामने माझ्याकडे आलीस आणि तुझ्या व्हियोलाची स्वरलिपी टेबलावर ठेवलीस. मी पेन्सिलीने घातलेल्या गजाच्या खुणा, बोटांचे आकडे, एकूण एक तू पुसून टाकले होतेस.

तू म्हणालीस, "सर, तुमच्या खुणा पुसल्यात. आता आमच्या घालू."

मी म्हणालो, "खोडरबर छान चालवतेस. गज असा चालवला असतास तर?"

ते शेवटचे बोलणे. त्यानंतर वर्षभर बाजारचौकात तू समोरून आलीस की मी कोबी निवडू लागत असे. मला कोबी आवडत नाही.

पुढच्या वर्षी थॉर्नडाइक न्यासाची शिष्यवृत्ती जाहीर झाली: सव्वीस वर्षांखालील एकच चमू, दोन वर्षे, समुद्रापार. दारे नुकती उघडलेल्या देशात त्याचा अर्थ काय होता, हे तुला सांगायला नको. परीक्षक म्हणून मला बोलावले, तेव्हा 'स्पर्धकांत माझा विद्यार्थी नाही' असे मी लिहून दिले. ते अक्षरशः खरे होते.

पडदा, पायाखाली गालिचा, बोलण्यास बंदी. चमूंना चिठ्ठ्या टाकून क्रमांक दिलेले. तरीही मला एक गोष्ट ठाऊक होती, जी इतर चौघा परीक्षकांना ठाऊक नव्हती. आपल्या संगीतात संचालक नसतो. चौघांपैकी एक जण श्वास घेतो आणि त्या श्वासावर चार गज एकाच क्षणी तारेवर पडतात. इतरत्र तो श्वास पहिल्या व्हायोलिनचा असतो. माझ्या वर्गात तो व्हियोलाचा असे, नाकाने, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा. तुला मी सात वर्षे तो शिकवला होता. पडदा असो वा नसो, हेदविका कोठे बसली आहे हे मला कळणारच, अशी माझी खात्री होती.

क्रमांक सात निःशब्द सुरू झाला. श्वास नाही, काही नाही, एकदम स्वर. मला वाटले, हे प्रागचे असावेत, आमच्याकडे असे कोणी शिकवत नाही. दुसऱ्या भागात व्हियोलाने एक स्वर इतका सावकाश सोडला की मला हेवा वाटला. मी पंचवीसपैकी चोवीस गुण दिले.

पडदा बाजूला झाला आणि क्रमांक सात म्हणून तुम्ही चौघे उभे होतात. तू धावत आलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि विचारलेस, "सर, ओळखलंत ना आम्हाला?"

मी म्हणालो, "ओळखलं."

तुझे अश्रू माझ्या कोटाच्या कॉलरवर पडत होते. अशा वेळी 'नाही' म्हणणे निर्दयपणाचे ठरले असते, असे मी स्वतःला तीस वर्षे सांगत आलो आहे. नंतर टेबलाशी तूच हसत सांगितलेस, "तो श्वास आम्ही कधीच सोडला, सर! प्रागच्या आमच्या नव्या बाई म्हणायच्या, 'ही कोण नाक ओढतेय? रुमाल द्या गं तिला!'" मीही हसलो.

तेव्हा 'ओळखलं' आणि 'राग बाजूला ठेवला' ही दोन्ही विधाने काढून टाकावीत. इतर चमूंविषयी लिहिण्याचे कारण नाही.

तुझा,
लुद्वीक विमाझल


ब्रनो, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेदविका,

तू रागावशील, असे मला वाटले होते. त्याऐवजी श्रीमती ओर्सागोवांनी जे पान आणून दिले त्यावर एकाच वाक्याला चार उद्गारचिन्हे होती. एका वाक्याला एक पुरते. तू लिहितेस: 'सर, हे तर आणखीच सुंदर! म्हणजे तुमचे चोवीस खरे होते. ओळख नाही, वशिला नाही, नुसते कान! मी हेच छापणार. नाव पक्कं!!!! आमचा व्हायोलिनवाला ओताकारही म्हणतो, म्हाताऱ्याने अखेर आपल्याला शाबासकी दिली.'

आणि खाली, सहज: 'पण सर, मग आम्ही कुठला चमू आहोत असं तुम्हाला वाटलं होतं?'

श्रीमती ओर्सागोवा दारातच रेंगाळल्या होत्या. म्हणाल्या, "मी काही वाचलं नाही हं, प्रोफेसरसाहेब. पान तिरकं छापलंय का, एवढंच बघत होते."

"आभारी आहे."

"पण तुम्ही कुणाला तरी ओळखलं असणार ना हो? आमचे हे म्हणायचे, अंधारातसुद्धा माणूस कुणाला तरी हुडकतोच."

दोन बायकांनी एकाच सकाळी एकच प्रश्न विचारला. मी दार लावून घेतले. हे पत्र पाठवायला पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागणार, तेव्हा त्यांनाही उत्तर मिळेल. मिळू दे.

क्रमांक तीन. क्रमांक तीन म्हणजे तुम्ही, असे मला वाटले होते.

त्यांचा पहिला भाग सुरू होताना शिपाई खिडकी लावत होता, म्हणून सुरुवात ऐकू आली नाही. वादन उत्तम होते. मी पेन्सिलीने तेवीस लिहून ठेवले. मग भाग संपला, शांतता झाली, आणि पडद्यामागून तो श्वास आला. व्हियोलाच्या जागेवरून, नाकाने, पूर्ण, माझा. मनात आलेले शब्द तसेच लिहितो: आता सापडलीस.

मी तेवीस हा आकडा पुसला. तू माझ्या खुणा पुसल्या होत्यास त्याच काळजीने, कागद न फाटू देता. त्या जागी शाईने नऊ लिहिले.

अध्यक्षांनी कागद गोळा केले तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. "लुद्वीक, नऊ? कान घरी विसरून आलास काय?"

"व्हियोलाचा श्वास," मी म्हणालो.

"श्वास? अरे, घेऊ दे की बिचाऱ्याला. न घेता वाजवेल कसा?"

बाकीचे हसले. मी हसलो नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'व्हियोलावादकाचा श्वासोच्छ्वास श्राव्य व असंस्कृत असून संगीताच्या शुचितेस बाधक आहे.' हे वाक्य मी चार ओळींच्या जागेत एकही खाडाखोड न करता बसवले आणि मला त्याचे समाधान वाटले, हे सांगितले नाही तर हे पत्र अपुरे राहील.

आता बेरीज. इतर चौघांनी क्रमांक तीनला मिळून एक्याण्णव गुण दिले होते आणि तुम्हाला ऐंशी. माझे धरून त्यांचे झाले शंभर, तुमचे एकशे चार. माझे तेवीस तसेच राहिले असते तर ते एकशे चौदा गुणांनी गेले असते आणि तुम्ही ब्रनोत राहिला असता.

पडदा बाजूला होऊन तुम्ही सातवे निघालात तेव्हा सभागृह अजून रिकामे झाले नव्हते. अध्यक्ष दहा पावलांवर होते. मी म्हणू शकलो असतो, 'थांबा, माझ्या कागदात चूक आहे.' आयुष्यभर इतरांच्या कागदांतील चुका दाखवण्यासाठी मी दहा पावलांहून कितीतरी अधिक चाललो आहे. त्या दिवशी तू माझ्या गळ्यात होतीस, आणि मला ते बरे वाटत होते.

फलकावर क्रमांकांपुढे नावे लागली. क्रमांक तीन: आपल्याच भागातील क्योव गावचा चमू, व्हियोला वेंदेलीन शेबेला. ते नाव मी वाचले आणि मला ते पाठ झाले. त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी मी तीस वर्षांत एकदाही केली नाही. काल श्रीमती ओर्सागोवांना विचारले. त्यांना दोन मिनिटे लागली. तो क्योवच्या संगीतशाळेत शिकवतो. गाडीने तासाचा रस्ता आहे.

माझे नाव कोठेही घालू नये, ही विनंती मी या वेळी शिष्टाचार म्हणून करीत नाही.

लुद्वीक विमाझल


ब्रनो, २६ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेदविका,

आठ दिवस तुझे उत्तर नाही. ते यावे असा आग्रह धरण्याचा अधिकार मला नाही, हे जाणतो. तरीही लिहितो, कारण २१ तारखेला मी क्योवला गेलो होतो आणि तेथे जे झाले ते तुला ठाऊक असणे आवश्यक आहे.

संगीतशाळा बाजारचौकाच्या मागे आहे. दुसऱ्या मजल्यावर जड अंगाचा, दाढी पांढरी होऊ लागलेला एक गृहस्थ लोकरी टोपी घालून स्वरलिप्या लावत होता.

"शेबेला?"

"बसा. कोट काढू नका, हीटर आजारी आहे." त्याने वर पाहिले आणि हातातील कागद खाली ठेवले. "अरे देवा. विमाझल सर!"

मी थक्क झालो. "आपली ओळख?"

"तुम्हाला कशी असणार? लुहाचोवित्सेला ब्याण्णवच्या उन्हाळ्यात दहा दिवसांचा वर्ग घेतला होतात ना? चाळीस जण होतो. मी तिसऱ्या रांगेत. एक प्रश्नसुद्धा विचारला होता."

"कोणता?"

"श्वास व्हियोलानेच का घ्यायचा? तुम्ही माझं वाक्य दुरुस्त केलंत. उत्तर राहिलंच." तो हसला. "पण दहा दिवसांत श्वास उचलला. घरी येऊन बाकीच्या तिघांना म्हटलं, आता असंच करायचं. त्यांनी आधी टिंगल केली, मग म्हणाले, वेंदा, हे भारी आहे, घोड्याला लगाम लावल्यासारखं वाटतं."

हेदविका, त्या दिवशी पडद्यामागे दहा चमू वाजवून गेले. माझ्या शिकवण्यावर विश्वास ठेवणारा त्यांत एकच होता.

त्याने चहा ओतला, खसखशीची वडी पुढे केली. मी घास घेतला. गाडीत मी एक वाक्य तयार करून आलो होतो. त्यात तीन गौण उपवाक्ये होती आणि मुख्य क्रियापद शेवटी होते. मी ते म्हणू लागलो आणि दुसऱ्या उपवाक्यात अडकलो. मग नुसते म्हणालो, "चौऱ्याण्णव साली नऊ गुण मी दिले."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"शुचितेस बाधक," तो म्हणाला.

"होय."

"तो कागद आम्हाला पोस्टानं आला होता. परीक्षक क्रमांक चार, सही नाही. मला पाठ आहे. मी घोरायला लागलो की बायको अजून कोपरानं ढोसते. 'वेंदा, उठ, शुचितेस बाधक येतंय.'" तो हसला, मग हसू थांबले. "तेव्हा मात्र हसलो नव्हतो. एवढा मोठा परीक्षक म्हणतोय म्हणजे खरं असणार. महिनाभर आरशासमोर बसलो. तोंड मिटून, छाती न हलवता. आवाज गेला. आणि सुरुवाती जुळेनात."

"कोणीतरी दुसऱ्याने श्वास..."

"केलं की. पहिल्या व्हायोलिननं करून पाहिलं, चेलोनं करून पाहिलं. पण सवय माझ्याकडे बघायची. मी गप्प. आमच्यातला ओंद्रा ओरडायचा, 'वेंदा, मेलास की काय?' उन्हाळाभर भांडलो. ऑक्टोबरात इथं नगरगृहात वाजवलं, ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी चौघे चार दिशांना."

मी क्षमा मागितली. या वेळी वाक्य लहान होते.

"थांबा," तो म्हणाला. "एक सांगा. माझा राग का आला होता? दहा दिवसांत मी काय केलं होतं तुमचं?"

"तुमचा नव्हता. मला वाटले, ती माझी एक विद्यार्थिनी आहे. तिने माझा वर्ग सोडला होता."

"म्हणजे नऊ तिचे?"

"होय."

त्याने कप बशीत असा ठेवला की चहा सांडला. "वा, सर! तीस वर्षं मी ते नऊ सांभाळून ठेवले. म्हटलं, आहेत ते आपले आहेत. तेसुद्धा दुसऱ्याचे निघाले!"

त्याचा आवाज चढला होता. शेजारच्या खोलीतील पियानो थांबला. मी उठून उभा राहिलो. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"खरे किती होते?" त्याने न वळता विचारले.

"तेवीस."

"चोवीस का नाही?"

"शेवटच्या भागात चेलो घाई करीत होता."

आता तो वळला. डोळे ओले होते आणि तो हसत होता, किंवा तसे मला दिसले. "होता. पहिल्यापासून होता तो बैल. किती वेळा सांगितलं त्याला." मग चेहरा पुन्हा बंद झाला. "जा आता, सर. गाडी चुकेल. माफ केलं बिफ केलं असं मी काही म्हणणार नाही. जमलं असतं तर म्हटलं असतं."

मी तुमच्या पुस्तिकेविषयी सांगितले. त्यात क्रमांक तीनच्या चौघांची नावे छापावीत का, असे विचारले.

"नावं नकोत. इथल्या पोरांच्या आया वाचतील आणि मला केक आणून देतील. नको ती दया. शेवटच्या कार्यक्रमाची तारीख छापा हवी तर. आम्ही होतो, एवढं कळलं तर पुरे."

दाराशी त्याने मला कोटाचे वरचे बटण लावायला सांगितले, बाहेर वारा आहे म्हणून. गाडीला चाळीस मिनिटे अवकाश होता. मी फलाटावर उभाच राहिलो. बाक रिकामे होते.

लुद्वीक विमाझल


ब्रनो, १ डिसेंबर २०२४

हेदविका,

काल तुझा दूरध्वनी आला. तू बोललीस ते मी लगेच लिहून ठेवले. तुझ्या तोंडी मी काही चुकीचे घालत असेन तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलेय, सर. जिथे जिथे शिकवलं तिथे. पोरं भांडली की सांगायचे, आमचे सर बघा. आता त्यांना काय सांगू?"

मी म्हणालो की दोष माझा आहे, तुम्हा चौघांवर त्याचा काही भार नाही.

"ते तुम्ही ठरवू नका," तू म्हणालीस. "शिष्यवृत्तीच्या त्या घरात आम्ही राहिलो. शेबेलाच्या वाट्याच्या पलंगावर झोपलो. माझा नवरा मला तिथे भेटला, मुलगी तिथे झाली. ओताकार काल दिवसभर व्हायोलिनला हात लावत नव्हता. आणि तुम्ही मला सांगताय भार नाही?"

मग तू विचारलेस:

"आम्ही आहोत हे कळलं असतं तर आम्हाला नऊ दिले असतेत ना?"

"होय."

"विचार करून सांगा."

"विचार करून सांगतो. होय."

तू म्हणालीस, "मला तुमचा इतका राग येतोय, आणि त्या चोवीसचा अभिमान काही जात नाही. दोन्ही एकाच पोटात." आणि नंतर, कोरडेपणाने: "नाव काढलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. माझ्या तोंडून ते निघेना. पान एकेचाळीस मी स्वतः लिहीन. तुम्ही फक्त तारखा पाठवा, नीट. तेवढं तुम्हाला येतं. खुलासे नकोत, विशेषणं नकोत, माफी तर मुळीच नको."

हे सर्व मला मान्य आहे. शेबेला यांना मी काल श्रीमती ओर्सागोवांच्या यंत्रावरून विचारले. खालील नोंदींना त्यांची हरकत नाही. श्रोत्यांची संख्या आणि शेवटच्या नोंदीतील अखेरचे वाक्य त्यांनी स्वतः सांगितले आहे.

लुद्वीक विमाझल

दिनांकांचे शुद्धिपत्र

६ ते १५ जुलै १९९२. लुहाचोवित्से येथील उन्हाळी वर्ग. पुस्तिकेत उल्लेख नाही, घालावा. तिसऱ्या रांगेतून विचारलेल्या प्रश्नाला शिक्षकाने उत्तर दिले नाही.

१५ मार्च १९९३. (पुस्तिकेत: एप्रिल.) स्व्रात्का चमूने विमाझल यांचा वर्ग सोडला. पत्र लाल शाईने परत करण्यात आले.

१९ मे १९९४. (पुस्तिकेत: २१ मे.) निवड. परीक्षक पाच, चमू दहा. क्रमांक सात: एकशे चार. क्रमांक तीन: शंभर. चौथ्या परीक्षकाने क्रमांक तीनला दिलेले गुण नऊ. ऐकून ठरवलेले गुण तेवीस.

त्याच दिवशी, दुपारी सव्वाचार. 'ओळखलंत ना?' या प्रश्नाला 'ओळखलं' असे उत्तर देण्यात आले. उत्तर खोटे होते.

२ सप्टेंबर १९९४. (पुस्तिकेत: १ सप्टेंबर.) स्व्रात्का चमूचे हॅलिफॅक्सकडे प्रयाण.

१६ ऑक्टोबर १९९४. पुस्तिकेत नोंद नाही. निवडीत क्रमांक तीन असलेल्या चमूचा शेवटचा कार्यक्रम, क्योव, नगरगृह, सायंकाळी पाच. श्रोते चाळीस. सुरुवात एकत्र झाली नाही.